हुकलेली बढती

३ मार्च, सोमवार

नाही मिळाली! बढती इस्त्रीला गेली. मॅनेजर तो झाला, मी नाही. हुश्श!

हे आज दिवसभर कुठेच म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. बॉसबाईंनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. म्हटलं, कुणाचं काय झालं? मग म्हणाल्या, "हे बघ, निर्णय फार अवघड होता." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, डोळ्यांत पाणी आलंय. मी हसू लपवत होते! रुमालसुद्धा काढला. तोंडावर धरला आणि बाहेर आले.

इस्त्री म्हणजे आमच्या रांगेतला शेवटच्या टेबलावरचा. सदऱ्याला कधी एक सुरकुती नाही म्हणून हे नाव. माणूस चांगला आहे. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन अवघडून उभा राहिला. "तुला राग नाही ना आला?" मी म्हटलं, "अरे, अजिबात नाही." ते त्याला इतकं खोटं वाटलं की बिचाऱ्याने मला कॉफी आणून दिली.

संध्याकाळी त्याचा दुसरा स्क्रीन काढून नेला. आमच्या धंद्यात रीतच आहे ती. इंजिनिअरला दोन स्क्रीन — एकावर प्रोग्राम लिहायचा, दुसऱ्यावर तो चालतो का ते बघायचं. मॅनेजर झालात की केबिन मिळते, केबिनला दार मिळतं आणि दुसरा स्क्रीन जातो. मॅनेजरला काय करायचाय दुसरा! मी माझे दोन्ही स्क्रीन कापडाने पुसले आणि घरी आले.

४ मार्च, मंगळवार

घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतायत. आजारी माणसाशी बोलावं तसे.

नवरा तर पेटलाय. तो स्वतः दुसऱ्या कंपनीत मॅनेजर, बावीस माणसं हाताखाली. त्याने माझं करिअर अंगावर घेतलंय. "तू कुठे कमी पडलीस ते आधी शोधू." मग सल्ले सुरू. सगळ्यांना दिसायला हवंस. मीटिंगमध्ये पहिल्यांदा तू बोलायला हवंस. केलेलं काम चार ठिकाणी सांगायला हवं. मोठ्या साहेबांशी लिफ्टमध्ये दोन शब्द बोलायला हवेत.

"मी जिन्याने जाते," मी म्हटलं.

"मग लिफ्टने जा!"

मुलीने विचारलं, "आई, तू नापास झालीस का?" म्हटलं, "नाही गं. वरच्या वर्गात ढकललं नाही, एवढंच." तिने आपली खोडरबराची डबी माझ्या उशाशी आणून ठेवली. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. माझ्या टोस्टला जास्तीचं लोणी लावून दिलं. त्या बोलल्या नाहीत की मला धास्तीच वाटते.

आता खरं का सांगत नाही? कारण अर्ज मीच केला होता! बॉसबाईंनी विचारलं होतं, "मग, पुढे काय?" पुढे म्हणजे वर, हे आमच्यात न सांगता कळतं. सगळे करत होते, मीही केला. नवऱ्याने दोन रविवार खर्चून मुलाखतीची तयारी करून घेतली. एवढं झाल्यावर कुठल्या तोंडाने सांगू, की मला मुळात नकोच होतं? पण आता सांगायची गरजच उरली नाही. सुंठीवाचून खोकला गेला!

६ मार्च, गुरुवार

किती दिवसांनी आज मनापासून काम केलं. मुलाखतीची टांगती तलवार नाही, काही नाही.

आम्ही बस डेपोंसाठी प्रोग्राम लिहितो. कुठल्या बसवर कुठला ड्रायव्हर, याचा रोजचा तक्ता तो बनवतो. ड्रायव्हर लोक आपापसात ड्युटी बदलूनही घेऊ शकतात. दोघांनी आपापल्या फोनवर होकाराचं बटण दाबलं की झाली अदलाबदल. हा भाग माझा. आणि तिथेच एक भूत बसलंय. मधूनच कधीतरी दोघांनाही निरोप जातो — अदलाबदल झाली. तक्त्यात मात्र काही बदललेलं नसतं! सकाळी दोघं एकमेकांच्या बसपाशी जाऊन उभे, आणि डेपोतला माणूस दोघांवर खेकसतो. आम्ही बघायला बसलो की एकदाही होत नाही. आमची पाठ वळली की झालंच.

दिवसभर त्याच्या मागे होते. सापडलं नाही. तरी किती बरं वाटलं!

८ मार्च, शनिवार

शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या. नवऱ्याने त्यांनाही सांगितलंय वाटतं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "उशीर होतो, पण होतं सगळं." लग्न न जमणाऱ्या मुलीला म्हणतात ना, अगदी तसं!

१० मार्च, सोमवार

आगीतून फुफाट्यात.

बॉसबाईंनी पुन्हा बोलावलं. पुन्हा दार, पुन्हा पाण्याचा ग्लास. म्हणाल्या, "त्या दिवशी तुझा चेहरा बघवला नाही. म्हणून मी वर भांडले. महिनाअखेर नवीन टीम होतेय. तिची मॅनेजर तू."

माझ्या रुमालाने घात केला!

मी म्हटलं, "अहो, पण दुसरं कुणी—" तर म्हणाल्या, "तुझा हाच दोष. स्वतःसाठी काही मागत नाहीस." काय मागू आता? डोकं भिंतीवर आपटून घ्यायची परवानगी?

१२ मार्च, बुधवार

आज कंपनीने करिअरवर सल्ला द्यायला एक पाहुणे आणले होते. कोट, कानाशी माइक, दात फार पांढरे. पडद्यावर एका शिडीचं चित्र. खालच्या पायरीवर छोटा माणूस, वरच्या पायरीवर मोठा माणूस. "तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. माझ्या शेजारच्याने माझ्या कानात विचारलं, "आणि शिडी कुणी धरलीय?" मला हसू आवरेना. पुन्हा रुमाल काढणार होते, पण आता रुमालाची भीती बसलीय.

एक गोष्ट मात्र खरी बोलले. म्हणाले, "तुम्हाला काय हवंय ते तुम्ही सांगितलं नाहीत, तर दुसरं कुणीतरी ठरवेल." मी पेनाशी खेळत बसले होते. ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

१४ मार्च, शुक्रवार

उचलली जीभ लावली टाळ्याला!

रोज सकाळी आमची उभ्याने मीटिंग असते. काल काय केलं, आज काय करणार — प्रत्येकाने दोन वाक्यांत सांगायचं. बसायचं नाही, म्हणजे लोक लवकर संपवतात. आज शेवटी बॉसबाई म्हणाल्या, "अजून कागद निघाला नाहीय, पण सांगूनच टाकते. नवी टीम हिची." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इस्त्रीने तर शिट्टी मारली. आता 'नको' म्हणायचं, आता म्हणायचं, असं मनात चाललेलं — आणि तोंडातून निघालं, "थँक्यू!"

थँक्यू! वर हसलेसुद्धा.

सगळे पांगले तेव्हा माझ्या लक्षात आलं, आमची टेस्टिंगवाली तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलावर बसते, आम्ही लिहिलेल्याच्या चुका काढते. ती माझ्याकडे बघून हसली, पण ते हसू काही तिच्या डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

१५ मार्च, शनिवार

घरी केक. वर माझं नाव. नवऱ्याने सगळ्यांना फोन केले. "बघितलंस? सांगितल्याप्रमाणे वागलीस की होतं." मी लिफ्टने एकदाही गेले नाही हे त्याला कोण सांगणार!

मुलगी विचारत होती, "आता तुलाही बाबासारखं दार मिळणार?" मिळणार, म्हटलं. मग इतकं चिडायला झालं — कुणावर, तेही कळेना. एवढी सगळी माणसं माझ्यासाठी खूश, आणि मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेय.

सासूबाई केक खाता खाता माझ्याकडे एकटक बघत होत्या.

१६ मार्च, रविवार

सासूबाईंनी मला मटार सोलायला बसवलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाप-लेक पोहायला गेले होते. त्यांनी ते बघूनच मटार काढले असणार. चाळीस वर्षं नर्सिंग केलेली बाई, पेशंट एकटा कधी असतो हे तिला बरोबर कळतं.

म्हणाल्या, "नको आहे ना तुला?"

मी एकदम रडायलाच लागले. म्हणजे हसायला आणि रडायला दोन्ही.

"मला ओळखता येतं. मी मेट्रन झाले तेव्हा अशीच बसले होते." मग सांगत गेल्या. टेबल मिळालं, टेबलावर घंटी मिळाली. घंटी वाजवली की कुणीतरी धावत यायचं. त्या रजेचे अर्ज बघत बसायच्या आणि आत वॉर्डात नवी मुलगी पेशंटची शीर शोधत दोनदा दोनदा सुई टोचायची. "माझे हात शिवशिवायचे गं. मला एका टोचण्यात मिळाली असती."

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

"कुणाला सांगणार? ह्याचे वडील येईल-जाईल त्याला सांगायचे, आमची ही मेट्रन. त्यांच्या आनंदावर विरजण कशाला? तू परवा थँक्यू म्हणालीस ना, मीही तेच म्हटलं होतं. मग निवृत्त होईपर्यंत घंटी वाजवली."

थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "हा लहानपणी घरातलं एक घड्याळ धड ठेवायचा नाही. सगळी उघडून बसायचा. आता नुसता घड्याळ बघत असतो." मी तेव्हा माझ्याच तंद्रीत होते. मटार संपले, आणि मला एकदम खूप भूक लागली.

१८ मार्च, मंगळवार

भूत सापडलं! म्हणजे मला नाही सापडलं. नवऱ्याला सापडलं!

सकाळी नाश्त्याला मी पुन्हा तीच रडगाणी गात होते. दोघांना निरोप जातो, अदलाबदल होत नाही, वगैरे. तो फोनवर त्याच्या बावीस जणांपैकी कुणाला तरी समजावत होता. फोन ठेवला, अंड्यावर मीठ घातलं आणि सहज म्हणाला, "दोघांनी एकदम होकार दिला तर?"

"एकदम म्हणजे?"

"एकदम म्हणजे एकदम. एकाच क्षणी. मग दोघांच्याही बाजूने प्रोग्रामला वाटणार, समोरच्याचा होकार आलाय, आता मी बदलायचं. एकदा बदललं, पुन्हा बदललं. म्हणजे जागच्या जागी."

मी चमचा हातात तसाच धरून बसले. अदलाबदल होत नव्हती असं नव्हतंच. ती दोनदा होत होती! दोघं शेजारी उभे राहून, "दाब आता" म्हणून एकदम दाबत असणार. आणि आम्ही तपासताना नेहमी आधी एक, मग दुसरा. सापडणार कसं!

नवऱ्याने कागदाचा रुमाल ओढून त्यावर आकृती काढली. अंडं गार झालं. त्याच्या केसांत लोणी लागलं, तरी पत्ता नाही. ऑफिसला उशीर झाला, तो वेगळाच.

१९ मार्च, बुधवार

नवऱ्याने काल मला ऑफिसात तीनदा फोन केला. "बघितलंस का? तेच निघालं का?" तिसऱ्या वेळी कुजबुजत बोलत होता, म्हणजे मीटिंगमधून. तेच निघालं, म्हटलं. तिकडून टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज आला.

आज सकाळी दाढी करताना शीळ घालत होता. लग्नाआधी घालायचा तशी.

मी आज चूक दुरुस्त केली. टेस्टिंगवालीला आणि डेपोतून बोलावलेल्या एका ड्रायव्हरला समोरासमोर बसवून एकदम बटणं दाबायला लावली. दहादा दाबली. दहाही वेळा बरोबर! तो ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, मला वाटायचं माझ्याच नशिबात काहीतरी खोट आहे."

त्याच क्षणी ठरवलं. हे मला सोडायचं नाहीय.

२१ मार्च, शुक्रवार

सांगून टाकलं!

या वेळी केबिनचं दार मीच लावलं. म्हटलं, "मला ती टीम नको."

बॉसबाई म्हणाल्या, "अजून मोठी हवी?"

"नाही. कुठलीच नको."

"इस्त्रीचा राग आहे का अजून?"

"नाही."

"घरी काही झालंय?"

"नाही."

"दुसरीकडे नोकरी लागली!"

"नाही हो! मला प्रोग्राम लिहायला आवडतं. मी तो चांगला लिहिते. मला तेच करू द्या."

मग हळूच म्हणाल्या, "पण त्या दिवशी तू रडत होतीस... रुमाल..."

"हसत होते."

त्यांनी माझ्यापुढचा पाण्याचा ग्लास उचलला आणि स्वतःच गटागटा प्यायला. मग दोघींना जे हसू फुटलं! बाहेरचे काचेतून बघत होते.

नंतर त्यांनी सरळ सांगितलं, की आपल्याकडे वर जायला दुसरी वाट नाही, पुढची काही वर्षं पगार बहुतेक आहे तिथेच राहील, आणि तुझ्या मागून आलेले तुझे साहेब होतील. खोटं कशाला लिहू? मुलीची शाळा आठवली, घर आठवलं. तरी म्हटलं, "चालेल. तुम्ही दुसरी वाट काढायचा प्रयत्न करा, मी तोवर इथेच आहे."

"बरं, मग ती टीम कुणाला देऊ?"

"टेस्टिंगवालीला विचारलंत का?"

बॉसबाईंनी कपाळाला हात लावला. "ती वर्षभर मागे लागलीय. तुझ्यासाठी तिला थांबवलं होतं!"

म्हणजे मी भिडेपोटी जागा अडवून बसले होते, आणि जिला हवी ती कोपऱ्यात चुका काढत होती. बाहेर आले तेव्हा जीव भांड्यात पडला होता. माझा तर पडलाच, बॉसबाईंचाही पडला असावा, कारण मागून त्यांची शीळ ऐकू आली.

२२ मार्च, शनिवार

घरी काल सांगितलं. नवऱ्याने चमचा खाली ठेवला.

"नको म्हणून आलीस? तोंडावर?"

"हो."

"कुणी असं करतं का?"

"मी केलं."

"लोक जीव टाकतात त्या दारासाठी! मी महिनाभर तुला—"

"मला माहीत आहे. तू माझ्यासाठी खूप केलंस. मीच आधी सांगायला हवं होतं."

"आवडतं म्हणून काय! मलाही आवडायचं!"

हे तो इतक्या मोठ्याने बोलला की मुलगी दचकली. मग उठला आणि भांडी घासायला लागला. घासलेली भांडीही पुन्हा घासली. सासूबाई ताटलीतले मटार एकेक करून खात राहिल्या.

२५ मार्च, मंगळवार

बॉसबाईंनी उट्टं काढलं. पुढच्या महिन्यात नव्या इंजिनिअरांची तुकडी येतेय. त्यांच्यासमोर 'करिअर कसं वाढवावं' यावर कुणी बोलायचं? मी! "तू नाही वाढलीस, म्हणजे तुला वेगळं काहीतरी सुचेल," म्हणाल्या. अशी बॉस असल्यावर शत्रू कशाला हवेत.

टेस्टिंगवालीने आज चुका काढण्याऐवजी माझ्या टेबलावर चॉकलेट ठेवलं. म्हणाली, "मला लोकांचं ऐकून घ्यायला फार आवडतं हो. इथे कुणाला खरं वाटत नाही." मला वाटलं. इस्त्रीचंही तसंच आहे. त्याच्या काचेतून दिसतं, समोरचा बोलत असतो आणि हा मन लावून ऐकत असतो. आमच्यात बसायचा तेव्हा तासन् तास एकच ओळ बघत बसायचा. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणून आम्ही मॅनेजरांची टिंगल करतो, पण काही माणसांना ते खरंच छान जमतं. ज्याचं त्याला मिळालं की बरं.

२८ मार्च, शुक्रवार

नवरा सल्ला देत नाही. चक्क आठवडाभर एकही सल्ला नाही. घर किती शांत आहे! आणि मला ते अजिबात आवडत नाहीय.

३० मार्च, रविवार

दुपारी डोळा लागला होता. उठून बघते तर नवरा माझ्या टेबलाशी. मी केलेली ती दुरुस्ती उघडून वाचत होता. मागे जाऊन उभी राहिले तरी कळलं नाही.

"हे नाव बदल," स्वतःशीच पुटपुटला. "दोन महिन्यांनी तुझं तुलाच कळणार नाही." आणि बदललंसुद्धा. बरोबर होतं त्याचं!

"किती वर्षांनी लिहितोयस?" मी विचारलं.

त्याने कीबोर्डवरून हात असा काढला, जणू चोरी पकडली गेली. "छे, नुसतं बघत होतो," म्हणाला. ताकाला जाऊन भांडं लपवतो! त्याचा चहा आणून ठेवला आणि मुलीला घेऊन खाली बागेत गेले. परत यायला मुद्दाम उशीर केला. आलो तेव्हा तो तिथेच होता, चहा गार.

२ एप्रिल, बुधवार

त्या भाषणासाठी काही सुचेना. शेवटी त्यालाच विचारलं, "तू इतके सल्ले दिलेस, आता मला एक दे. त्या पोरांना काय सांगू?"

तो बुटाची नाडी बांधत होता. बराच वेळ बांधत होता.

"खरं ते सांग," म्हणाला. मग दाराशी थांबून, "तुला भीती नाही वाटली?"

"खूप वाटली."

मान हलवली आणि गेला.

४ एप्रिल, शुक्रवार

झालं भाषण. घाम फुटला होता, पण झालं!

शिडीचं चित्र नव्हतं, पडदाच नव्हता. खुर्चीवर बसून बोलले. म्हटलं, मी बढतीसाठी अर्ज केला, मिळाली नाही, मग मिळाली, मग नको म्हटलं — तेव्हा माझं ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पोरं हसली. मग बरं वाटलं.

जे खरं वाटतं ते सांगितलं. सकाळी आल्यावर आधी काय उघडता, ते स्वतःचं स्वतः बघा. कुणी न सांगता जे उघडता, ते तुमचं काम. आपण लिहिलेलं दुसऱ्याला दाखवायची लाज सोडा. माझ्या प्रोग्राममधली सगळ्यात मोठी चूक अंड्यावर मीठ घालता घालता एका माणसाने पकडली. काही येत नसेल तर दुपारच्या आत विचारा, दोन दिवस कुढत बसू नका. माणसं सांभाळायला आवडत असेल तर जरूर मॅनेजर व्हा, आमच्याकडे दोन फार चांगले आहेत. पण आवडत नसेल तर वेळेत सांगा. मी वेळेत सांगितलं नाही, तर दुसऱ्या एकीची खुर्ची अडवून बसले होते.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण एकदा वर गेल्यावर परत खाली येता येतं का?"

म्हटलं, "कुणी केलेलं बघितलं नाही. पण प्रोग्राममध्ये तरी केलेलं परत फिरवता येतं. माणसाला का येऊ नये?"

जेवताना घरी सगळं सांगितलं, त्या मुलीचा प्रश्नही. सासूबाई म्हणाल्या, "हुशार दिसते." नवऱ्याने विचारलं, "मग तू काय सांगितलंस?" मी सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, "काय म्हणालीस?" मी पुन्हा सांगितलं. मग सासूबाईंनी त्याच्या टोस्टला जास्तीचं लोणी लावलं.

७ एप्रिल, सोमवार

बॉसबाई वर भांडतायत — दुसऱ्या वाटेसाठी. म्हणाल्या, "भांडायची सवयच लागलीय आता." होईल तेव्हा होईल. मी अदलाबदलीचा सगळा भाग नव्याने लिहायला घेतलाय. गाढ झोप लागते.

१० एप्रिल, गुरुवार

आज मी घरूनच काम करत होते, तर नवरा भर दुपारी घरी आला. घामाघूम. काखेत भलंमोठं खोकं. मला वाटलं — नोकरी गेली!

खोकं माझ्या टेबलावर ठेवलं, उघडलं. आत स्क्रीन. त्याच्या लॅपटॉपला जोडायचा, दुसरा.

"दार परत केलं," म्हणाला. "आता जरा सरक."